आर्ल: शनिवार धरून तीन रात्री

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदी समुद्राला मिळण्याआधी दुभंगते, तिथे आर्ल हे गाव आहे. रोमन लिपीत नावाच्या शेवटी एक ‘स’ लिहितात, पण बोलताना तो गिळतात. जुनं गाव एवढंसं आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत वीस मिनिटांत पोहोचाल. म्हणूनच बहुतेक लोक दुपारी उतरतात, रोमन आखाडा पाहतात, चित्रकार व्हॅन गॉगच्या पिवळ्या कॅफेसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. आर्ल असं बघू नये. इथे काय बघायचं यापेक्षा कुठल्या वारी आणि दिवसाच्या कुठल्या वेळी बघायचं, यावर सहल ठरते. गुरुवारी दुपारी पोहोचा, रविवारी संध्याकाळी निघा. शनिवारचा बाजार मधे येतो आणि मंगळवार टळतो. मंगळवारी गावातलं सर्वांत मोठं संग्रहालय बंद असतं.

निघण्याआधी

सर्वांत चांगला काळ एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य. त्यानंतर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीला टेकतो आणि दगडी गल्ल्या रात्रीपर्यंत तापलेल्या राहतात. ‘रांकोंत्र’ हा १९७० पासून चालत आलेला छायाचित्र महोत्सव जुलैच्या सुरुवातीला उघडतो. चर्चमध्ये, गोदामांत, जुन्या वाड्यांत प्रदर्शनं लागतात आणि ती सप्टेंबरअखेरपर्यंत असतात. पहिल्या आठवड्यात मात्र खोल्यांचे दर आभाळाला भिडतात. छायाचित्रांसाठी जायचं तर सप्टेंबर गाठा, प्रदर्शनं तीच आणि गर्दी निम्मी. ईस्टरच्या सुट्टीत आणि सप्टेंबरच्या मध्याला ‘फेरिया’ असते. त्या दिवसांत आखाड्यात बैलांचे खेळ असल्यामुळे तो पर्यटकांना बंद असतो किंवा लवकर बंद होतो. खोली घेण्याआधी या तारखा पाहून घ्या.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. मिस्त्राल हा उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली घुसणारा कोरडा, थंड वारा. हिवाळ्यात आणि वसंतात तो जोरात वाहतो. ऊन लख्ख असतं, आकाश निळंशार असतं, पण टोपी डोक्यावर टिकत नाही. इथल्या जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्या का नाहीत, ते तेव्हा कळतं. मे महिन्यातसुद्धा वारा अडवणारं एक पातळ जॅकेट सोबत हवंच.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, त्यामुळे दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. सहलीत इतर देशही असतील, तर ज्या देशात सर्वाधिक रात्री त्याच देशाकडे अर्ज करायचा.

पोहोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान मिळतं. तिथे शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल दोनखालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून दक्षिणेकडे थेट टेजेव्हे, म्हणजे वेगवान गाड्या सुटतात. सामान ओढत पॅरिस शहरात जायची गरज नाही. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत तीन तास ठेवा. स्वस्त तिकीट त्या एका गाडीपुरतंच असतं, गाडी चुकली की पैसे गेले. टेजेव्हेची तिकिटं काही महिने आधी विक्रीला येतात आणि विमानासारखी महाग होत जातात. छोट्या अंतराच्या ‘तेर’ गाड्यांचं तसं नाही. ते तिकीट ऐनवेळी घेतलं तरी चालतं.

हमखास घोळ होतो तो आव्हिन्योंला. तिथे दोन स्टेशनं आहेत. वेगवान गाडी गावाबाहेरच्या ‘आव्हिन्यों टेजेव्हे’ला थांबते, तर आर्लची तेर बहुतेक वेळा गावातल्या ‘आव्हिन्यों सांत्र’हून सुटते. दोन्हींना जोडणारी लोकल पाच मिनिटांत पोहोचवते आणि सांत्रहून आर्ल वीस मिनिटांवर आहे. पॅरिसच्या गार द लियोंहून आर्लला थेट जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण मोजक्या. त्यांना चारेक तास लागतात. मार्सेलहून यायचं तर तेरने तासाभराचा प्रवास.

आर्लला उतरल्यावर दहा मिनिटं सरळ चालत जुन्या वेशीतून आत शिरायचं. गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत आणि मोठ्या चाकांच्या बॅगाही तिथे कुरकुरतात. खोली वेशीच्या आत, आखाडा आणि प्लास द ला रेप्युब्लिक या चौकाच्या मधल्या भागात घ्या. जुन्या घरांना लिफ्ट क्वचितच असते. सोबत आई-बाबा असतील तर किती जिने आहेत, हे आधी विचारा.

गुरुवार दुपार: आखाडा आणि नाट्यगृह

तिकिटांचं आधी बघा. एकेक तिकीट घेत बसाल तर खिशाला चाट. ‘पास आव्हांताज’मध्ये सगळी रोमन-मध्ययुगीन स्मारकं आणि सार्वजनिक संग्रहालयं येतात, ‘पास लिबर्ते’मध्ये ठरावीक संख्येत निवडून पाहता येतात. तीन दिवस राहणाऱ्याने पहिला घ्यावा. पर्यटन कार्यालयात किंवा स्मारकाच्या खिडकीवर मिळतो. खासगी कलाकेंद्रं त्यात धरू नका.

आखाडा इ. स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरचा. लांबी १३६ मीटर, रुंदी १०७, दोन मजले आणि प्रत्येक मजल्याला ६० कमानी. वीस हजार माणसं बसत. आत गेल्यागेल्या थोडी निराशा होते, कारण समोर आजच्या खेळांसाठी लावलेल्या बैठका दिसतात. तिथे रेंगाळू नका. आधी तळमजल्याचा गोल बोळ पूर्ण फिरा आणि मान वर करून छत बघा. कमान न घालता प्रचंड सपाट शिळा आडव्या टाकून तो झाकला आहे. मग मनोऱ्यावर चढा. रोमन साम्राज्य कोसळल्यावर गावकऱ्यांनी हा आखाडाच किल्ला केला. कमानी बुजवल्या, चार मनोरे उभारले आणि आत दोनशेच्या वर घरं आणि दोन देवळं बांधून शेकडो वर्षं संसार केले. एकोणिसाव्या शतकात ती सगळी वस्ती उठवली. चारांपैकी तीन मनोरे उरले आहेत. वरून कौलारू छपरं, रोनचं वळण आणि दूर ‘आल्पीय’ नावाच्या टेकड्या दिसतात.

शेजारचं रोमन नाट्यगृह सम्राट ऑगस्टसच्या काळातलं, आखाड्याहून साधारण शंभर वर्षांनी जुनं. मध्ययुगात लोकांनी त्याचे दगड नेऊन चर्च आणि घरं बांधली, त्यामुळे रंगमंचामागे दोनच उंच खांब शिल्लक आहेत. गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. १६५१ मध्ये इथेच सापडलेली व्हीनसची मूर्ती चौदाव्या लुईला नजर केली गेली. आज ती पॅरिसला लूव्रमध्ये आहे. अर्धा तास पुरतो. उन्हं कलताना जा.

बैलांच्या खेळांचे दोन प्रकार आहेत आणि तिकीट काढताना त्यांची गल्लत करू नका. ‘कोरिदा’मध्ये बैल मारतात. ‘कुर्स कामार्गेझ’मध्ये मारत नाहीत. त्यात बैलाच्या कपाळावर लाल फितीचा तुकडा, शिंगांना पांढरे गोंडे आणि मुळाशी दोऱ्याचे वेढे बांधलेले असतात. पांढऱ्या कपड्यांतले खेळाडू हातातल्या छोट्या पंज्याने ते ओरबाडायला धावतात. खेळाडू सरळ अंगावर जात नाही. तो बैलाच्या तोंडासमोरून तिरका वळसा घेतो, क्षणभर शिंगांवर हात टाकतो आणि त्याच वेगात कठड्यावर उडी मारतो. बैल मागोमाग येऊन फळ्यांना धडकतो. एका बैलाला जास्तीत जास्त १५ मिनिटं, मग तो जिवंत घरी जातो. जाहिरातीत बैलाचं नाव खेळाडूंपेक्षा मोठ्या अक्षरांत असतं. नामांकित खिल्लारी जोडीचा बोभाटा ज्यांनी गावाकडे ऐकलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोसम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि ‘कोकार्द दॉर’ ही मानाची स्पर्धा जुलैच्या पहिल्या सोमवारी.

शुक्रवार: कामार्ग आणि काळी सारा

गावाच्या दक्षिणेला रोनचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे, त्याला कामार्ग म्हणतात: दलदल, मिठागरं, भातखाचरं, पांढरे घोडे आणि रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. समुद्राकाठच्या सँत मारी द ला मेर या गावाला आर्लहून बस जाते, तासाभराच्या आत पोहोचते. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून ही सहल शुक्रवारी. सकाळची बस घ्या आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावरून मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

गावाच्या चार किलोमीटर अलीकडे ‘पों द गो’ हे पक्षी उद्यान आहे, तिथे आधी उतरा. तळ्यांभोवती सात किलोमीटरच्या पायवाटा आहेत. रोहित पक्षी इतक्या जवळ येतात की त्यांची चोच कशी चालते ते दुर्बिणीशिवाय दिसतं. पक्षी मान उलटी करून चोच पाण्यात घालतो, पायाने चिखल ढवळतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर खेळवत बारीक कोळंबीसारखे जीव गाळून घेतो. गुलाबी रंग त्या खाद्यातूनच येतो. उरण-शिवडीला लांबून पाहिलेले थवे इथे हाताच्या अंतरावर असतात. पूर्ण चक्कर मारायला दोन-अडीच तास ठेवा. उन्हाळ्यात डास फोडून काढतात. औषधाच्या दुकानातून इथलंच डासांचं मलम घ्या आणि लांब बाह्या घाला. सायकलने समुद्राच्या बांधावरून जायचं असेल तर दोन लिटर पाणी सोबत हवं. वाटेत सावली नाही, नळ नाही.

भातखाचरं पाहून आपल्या माणसाला कुतूहल वाटतंच. इथली जमीन खारी. वाफ्यांत नदीचं गोडं पाणी कोंडून ठेवलं की मीठ खाली दाबलं जातं आणि मग इतर पिकंही घेता येतात. कोकणच्या खारभूमीत किंवा गोव्याच्या खाजन शेतात हेच गणित चालतं.

सँत मारीचं चर्च किल्ल्यासारखं आहे, कारण समुद्रावरून चाचे येत. आत तळघरात उतरा. तिथे सारा ही काळी संत उभी आहे, अंगावर भक्तांनी चढवलेल्या झग्यांचे थरावर थर, आणि मेणबत्त्यांच्या धगीने घाम फुटावा इतकं गरम. रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांची ही कुलस्वामिनीच म्हणा. दरवर्षी २४ मे रोजी तिला मिरवत समुद्रात नेतात. घोडेस्वार, व्हायोलिन, गिटार आणि पाण्यात उतरलेली गर्दी. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरूनच कळतं. रोमानीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, पाचाला ‘पांज’ आणि काळीला ‘काली’ म्हणतात. ते तिला ‘सारा ए काली’ म्हणतात. तळघरात मोठ्याने बोलू नका आणि तोंडासमोर कॅमेरा धरू नका. लोक खरोखर नवस बोलत असतात. मेच्या त्या आठवड्यात जायचं असेल तर मुक्काम काही महिने आधी ठरवा आणि गाडी नेऊ नका. एरवी गाडी नेलीत, तर पक्षी बघायला उतरताना आत एकही पिशवी दिसेल अशी ठेवू नका.

शनिवार: बाजार, मग दगड

शनिवारचा बाजार बुलवार दे लीस या रस्त्यावर दोनेक किलोमीटर पसरतो. नऊच्या आत गाठा. साडेबारानंतर आवराआवर सुरू होते आणि एकपर्यंत रस्ता धुऊन निघतो. ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, कामार्गचं मीठ, लाल तांदूळ, लव्हेंडर, जुने कपडे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, सगळं एका ओळीत. विचारल्याशिवाय फळांना हात लावू नका, विक्रेताच निवडून देतो. घासाघीस चालत नाही. आधी ‘बोंझुर’ म्हणा, मग मागा. ते न म्हणता थेट भाव विचारला की समोरचा तुटक वागतो, आणि आपल्याला वाटतं फ्रेंच माणूस खडूस.

शाकाहाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. ‘तापनाद’ ही काळ्या ऑलिव्हची चटणी दिसते निर्धोक, पण तिच्यात आंचोव्ही मासा वाटलेला असतो. ‘फुगास’ या पावात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. अनेक हॉटेलांत मासा शाकाहारातच मोजतात. म्हणून नुसतं शाकाहारी म्हणून थांबू नका: ‘सां व्यांद, सां प्वासों, सां आंश्वा’, म्हणजे मांस नको, मासा नको, आंचोव्ही नको. पोटभर होतील असे पदार्थ म्हणजे रातातुई (एकत्र शिजवलेल्या भाज्या), तियाँ (भट्टीत भाजलेले भाज्यांचे काप) आणि पानिस. पानिस म्हणजे चण्याचं पीठ पाण्यात घोटून थापायचं, निवलं की कापायचं आणि तळायचं. पाटवडी खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासालाच ओळख पटते, फक्त फोडणी आणि मिरची नसते. स्वयंपाकघरं दुपारी दोनला बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातनंतर उघडतात. तीन वाजता भूक लागली तर बेकरीशिवाय गत्यंतर नाही. पाण्यासाठी ‘उन काराफ दो’ मागा. नळाचं पाणी फुकट मिळतं आणि ते चांगलं असतं.

दुपारी प्लास द ला रेप्युब्लिक. मधला ग्रॅनाइटचा स्तंभ रोमन शर्यतीच्या मैदानातून आणून १६७६ मध्ये इथे उभा केला. सँ त्रोफीम चर्चचं दार पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी न जाता चारनंतर जा. कलत्या उन्हात बाराव्या शतकातलं कोरीव काम अंगावर येतं. मधे न्यायाला बसलेला ख्रिस्त, तुमच्या उजव्या हाताला साखळीत बांधून नरकाकडे निघालेली नागडी रांग, डावीकडे वाचलेले लोक, नीटनेटके कपडे घातलेले. चर्चला तिकीट नाही, मागच्या ओवऱ्यांच्या अंगणाला आहे. त्या अंगणाच्या दोन ओवऱ्या रोमनेस्क, म्हणजे आधीच्या शैलीतल्या, आणि दोन गॉथिक, म्हणजे नंतरच्या. जाड खांबांपासून सडपातळ खांबांपर्यंत दोनेकशे वर्षांचा फरक एका फेरीत दिसतो.

प्लास द ला रेप्युब्लिकवरच्याच नगरपालिकेत शिरा. तळमजल्याच्या दालनाचं दगडी छत जवळजवळ सपाट आहे आणि मधे एकही खांब नाही. प्रत्येक दगड वेगळ्या कोनात तासून एकमेकांत अडकवला आहे, वजन बाजूच्या भिंतींवर उतरतं. फ्रान्सभर फिरून काम शिकणारे पाथरवट हे छत बघायला मुद्दाम येत. फुकट आहे, आणि तरी निम्मे पर्यटक वर न बघताच जातात. इथूनच ‘क्रिप्टोपोर्टिक’मध्ये, म्हणजे रोमन चौकाखालच्या भुयारी ओवऱ्यांत उतरायचं. उतारावर चौक सपाट करायला त्या बांधल्या होत्या. आत ओल आणि काळोख, पाय घसरतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून उतरू नका.

व्हॅन गॉगबद्दल खरं काय ते

व्हॅन गॉग इथे फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ असा सव्वा वर्ष राहिला. दोनशेच्या आसपास चित्रं काढली आणि कान इथेच कापला. पण गावाच्या मालकीचं त्याचं एकही रंगचित्र नाही. त्याच्या नावाच्या संस्थेत बाहेरून मागवलेलं एखाद-दुसरं चित्र असतं, बाकी आजच्या कलावंतांची प्रदर्शनं. तिकीट काढण्याआधी आत काय लागलंय ते विचारा. तो राहत होता ते पिवळं घर १९४४ च्या बॉम्बफेकीत गेलं. प्लास द्यु फोरमवरच्या कॅफेचा पिवळा रंग चित्राबरहुकूम नंतर दिलेला आहे. चित्रातला पिवळा हा गॅसबत्तीचा उजेड होता.

मग बघायचं काय? त्याला दाखल केलं होतं ते जुनं इस्पितळ. आतली बाग त्याच्या चित्रावरून पुन्हा लावली आहे आणि अंगणात जायला पैसे पडत नाहीत. आणि रोनचा काठ, आखाड्यापासून पाच मिनिटांवर. सप्टेंबर १८८८ मध्ये नदीवरची तारांकित रात्र त्याने इथे रंगवली. अंधार पडल्यावर तासभरानं जा, दिवे पाण्यात लांब ओघळलेले दिसतात. मिस्त्राल असेल त्या रात्री मात्र जाऊ नका. पाणी फाटतं, प्रतिबिंब उरत नाही आणि काठावर उभं राहवत नाही.

रविवार: निळं संग्रहालय आणि शवपेट्यांची वाट

पुरातन आर्लचं निळं संग्रहालय जुन्या गावाबाहेर नदीकाठी आहे, चौकापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत. दोन वस्तूंसाठी वेळ राखा. एक, २००७ मध्ये रोनच्या तळातून काढलेला संगमरवरी अर्धपुतळा. ज्युलियस सीझरचा म्हणतात, सगळे तज्ज्ञ मानत नाहीत. सीझरचं या गावाशी देणंघेणं होतं: मार्सेलविरुद्धच्या लढाईसाठी आर्लने त्याला ३० दिवसांत बारा जहाजं बांधून दिली होती. दोन, ३१ मीटर लांबीची सपाट बुडाची रोमन मालवाहू होडी. जवळजवळ दोन हजार वर्षं चिखलात राहूनही ती टिकली, कारण तिथे लाकूड कुजवणारी हवा पोहोचत नाही. डोलकाठी रोवायच्या खाचेत सुताराने एक चांदीचं नाणं ठेवलं होतं, शकुनाचं. होडीभोवती पूर्ण चक्कर मारा आणि दोरीने घासून पडलेल्या खुणा शोधा.

दुपारी आलिस्काँ ही जुनी दफनभूमी. रोमन कायद्याने गावात पुरायला बंदी होती, म्हणून वेशीबाहेर रस्त्याच्या कडेने थडगी. आज झाडांच्या दुतर्फा रांगेत रिकाम्या दगडी शवपेट्या उरल्या आहेत. चांगल्या कोरलेल्या पेट्या कधीच हलवल्या, त्या सकाळी संग्रहालयात पाहिलेल्याच. म्हणून आधी संग्रहालय, मग ही वाट. वाटेत फ्रँक गेरीने बांधलेला, २०२१ मध्ये उघडलेला, पोलादी पत्र्यांचा ल्युमा या कलाकेंद्राचा मनोरा लागतो. आवडो न आवडो, खालच्या बागेत सावलीत बसायला जागा आहे.

संध्याकाळची गाडी धरण्याआधी दोन गोष्टी. संपाला फ्रेंचमध्ये ‘ग्रेव’ म्हणतात. हा शब्द स्टेशनच्या फलकावर दिसला तर आदल्या दिवशीच रेल्वेच्या अॅपवर आपली गाडी धावणार का ते बघा. आणि बाजारातून घेतलेलं तापनाद, ऑलिव्ह, मध केबिनच्या बॅगेत ठेवू नका. विमानतळावर १०० मिलिलिटरचा नियम त्यांनाही लागतो. लाल तांदूळ कुठेही ठेवला तरी चालतो. घरी तो तासभर भिजवा आणि आपल्या तांदळाच्या दुपटीहून जास्त वेळ शिजवा, नाहीतर दाताखाली कचकचतो.